मुलं मोजली, माणूस राहिला : फोर-एचच्या संशोधनाकडे जरा तिरकं पाहताना

माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रस्तावातलं पहिलंच वाक्य साधारण असं होतं : 'फोर-एच कार्यक्रमामुळे ग्रामीण मुलांचा विकास होतो हे सिद्ध झालेलं असल्यामुळे या कार्यक्रमासाठी काम करणाऱ्या विस्तार कर्मचाऱ्यांना सार्वजनिक निधी मिळत राहणं आवश्यक आहे.' (लिहिलं इंग्रजीत होतं, इथे मराठीत सांगतेय.) गाईडने ते वाचलं, 'असल्यामुळे' या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, "इथून तिथे पोचलीस कशी?"

मी मान डोलावली आणि घरी येऊन चिडले. संदर्भ दिले होते, आकडे दिले होते, मग अजून काय हवं? त्या गोलाचा अर्थ कळायला मला जवळजवळ एक सेमिस्टर लागलं. तुमच्यातले बरेच जण आत्ता सिनॉप्सिसच्या मागे आहेत, म्हणून हा गोल तुमच्या हातात देतेय. विषय अमेरिकेतला आहे, पण चूक आपल्याकडेही रोज होते. शेवटी तिकडे येतेच.

आधी, पैसा येतो कुठून?

फोर-एच ही अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या युवा संघटनांपैकी एक. चार एच म्हणजे हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ. १९०२ साली ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा अधीक्षकाने मुलामुलींचा एक क्लब सुरू केला, तिथून ही गोष्ट सुरू झाली असं मानतात. पुढच्या काही वर्षांत दक्षिणेत मुलांचे मका क्लब आणि मुलींचे टोमॅटो क्लब निघाले. कल्पना साधी होती. बाप कृषी महाविद्यालयाचं ऐकत नाही, पण पोराने एका एकरात केलेला प्रयोग त्याला बांधावरून दिसतो. १९१० मध्ये साउथ कॅरोलिनातल्या जेरी मूर नावाच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून जास्त मका काढला. असे आकडे तेव्हाच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त प्रभावी ठरले असणार.

१९१४ मध्ये स्मिथ-लीव्हर कायदा आला. जमीन-अनुदान विद्यापीठं १८६२ च्या मॉरिल कायद्याने उभी राहिली होती, संशोधन केंद्रांना १८८७ च्या हॅच कायद्याने पैसा मिळत होता. स्मिथ-लीव्हरने तिसरा पाय जोडला : विस्तार. शिक्षण, संशोधन, विस्तार ही त्रिसूत्री राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी कुठेही शिकलेल्यांना पाठ असेल. आपली कृषी विद्यापीठं याच नमुन्यावर उभी आहेत. १९६० साली सुरू झालेल्या पंतनगरच्या विद्यापीठाला तर इलिनॉय विद्यापीठाची थेट साथ होती.

या विस्तार व्यवस्थेचं नावच 'कोऑपरेटिव्ह' आहे, कारण खर्च तिघे मिळून उचलतात : केंद्र, राज्य आणि काउंटी. १९१४ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला वर्षाला १०,००० डॉलर सरसकट दिले. त्यावरची रक्कम ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात, पण अट अशी की जेवढा केंद्राचा डॉलर तेवढाच तुमचा. काउंटीचा वाटा जागोजागी वेगळा. आयोवात तर ९९ काउंट्यांमध्ये विस्तार परिषदा निवडणुकीने येतात आणि त्यांच्यासाठी मालमत्ता करातून वेगळी पट्टी वसूल होते.

या पैशातून विकत काय घेतलं जातं? बियाणं नाही, गाया नाहीत. मुख्यतः पगार. म्हणजे माणूस. काउंटीच्या ऑफिसात बसणारा, बहुतेक वेळा न बसणारा, एक एजंट किंवा एज्युकेटर. शिवाय स्मिथ-लीव्हरचा पैसा 'हा फोर-एचचा' असं लिहून येत नाही. शेती, कुटुंब-पोषण आणि युवा यांत तो कसा वाटायचा हे राज्य ठरवतं, आणि एकाच माणसाचा अर्धा वेळ एकीकडे, अर्धा दुसरीकडे असं सर्रास असतं. 'युवा कार्यक्रमावर नक्की किती खर्च होतो' हा प्रश्न इथेच अवघड होऊन बसतो.

आता फोर-एच स्वतः सांगते ते आकडे घ्या : सुमारे ६० लाख मुलं, ५ लाख स्वयंसेवक, ३,५०० व्यावसायिक कर्मचारी. भागाकार करून पाहा. एका कर्मचाऱ्यामागे सुमारे १,७०० मुलं आणि १४० च्या वर स्वयंसेवक. १,७०० मुलांना एक माणूस शिकवू शकत नाही. म्हणजे त्याचं काम शिकवण्याचं नाहीच. तो स्वयंसेवक शोधतो, त्यांची पार्श्वभूमी तपासून घेतो, त्यांना प्रशिक्षण देतो, काउंटी फेअरमधली जनावरांची नोंदणी सांभाळतो, आणि ज्या घरात फोर-एच हा शब्द कुणी ऐकलेला नाही त्या घराचं दार वाजवतो. हे शेवटचं काम लक्षात ठेवा. पुढची सगळी टीका त्यावर उभी आहे.

'चौपट' कुठून आलं?

फोर-एचच्या बाजूने बोलणारा कुठलाही कागद उघडा, त्यात एक दावा असतो : फोर-एचमधली मुलं समाजासाठी योगदान देण्याची शक्यता इतरांपेक्षा चौपट, नागरी कामांत सक्रिय असण्याची दुप्पट, वगैरे. हा दावा जॅकलिन लर्नर, टफ्ट्स विद्यापीठातले रिचर्ड लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून येतो. २००२ मध्ये पाचवीतल्या मुलांपासून सुरुवात झाली, बारावीपर्यंत आठ फेऱ्या झाल्या, ४२ राज्यांतल्या ७,००० हून जास्त मुलांचा त्यात कधी ना कधी समावेश झाला.

आधी कौतुक, कारण ते खरंच आहे. तोपर्यंत किशोरवयीन मुलांवरचं पुष्कळसं संशोधन 'काय बिघडतं' हे मोजायचं : दारू, गुन्हे, गर्भधारणा. लर्नर मंडळींनी 'काय घडतं' हे मोजायचा आराखडा नीट मांडला. क्षमता, आत्मविश्वास, नाती, चारित्र्य, आस्था हे पाच घटक आणि त्यातून येणारं सहावं, योगदान. एकदाच प्रश्नावली वाटून मोकळं न होता वर्षानुवर्षं मुलांच्या मागे राहणं ही काही छोटी गोष्ट नाही. ज्यांनी एकदा तरी १२० उत्तरदाते गाठायला मोटारसायकलवर गावं पालथी घातली आहेत त्यांना आठ फेऱ्या म्हणजे काय हे सांगायला नको.

आता टीका. नेहमीची टीका तुम्हीही करू शकाल. पहिली : फोर-एचमध्ये जाणारी मुलं आधीच वेगळ्या घरांतली असतात. ज्या आईबापांना शनिवारी मुलाला क्लबला सोडायला गाडी, वेळ आणि उत्साह आहे, त्यांची मुलं एरवीही पुढे गेली असती. यालाच आपण सिलेक्शन बायस म्हणतो. उत्पन्न, शिक्षण, वंश यांवर मुलांच्या जोड्या जुळवून तुलना केली तरी 'उत्साह' जुळवता येत नाही, कारण तो कुठल्या रकान्यात नसतो. दुसरी : फेऱ्यागणिक मुलं गळत गेली आणि नवी भरली गेली. इतक्या लांबच्या अभ्यासात हे होणारच, पण टिकून राहणारी मुलं ही सरासरी मुलं नसतात. तिसरी : 'फोर-एचमध्ये असणं' म्हणजे काय? त्या ६० लाखांत दहा वर्षं डुकरं पाळून फेअरमध्ये विकणारी मुलगी आहे आणि वर्गात तीन आठवडे अंडी उबवण्याचं यंत्र ठेवलं म्हणून पटावर आलेला मुलगाही आहे. निधी मागताना ६० लाखांचा आकडा पुढे करायचा आणि परिणाम सांगताना चौपटचा, तर हे दोन आकडे एकाच गटाचे राहत नाहीत.

ही सगळी टीका बरोबर आहे. माझ्या दुसऱ्या मसुद्यात मी ती सगळी लिहिली आणि गाईडकडे मोठ्या ऐटीत गेले. या वेळी गोल नव्हता, समासात फक्त एक प्रश्न होता : "मग काय?"

दुसरं दालन

'मग काय'चं उत्तर शोधत मी अर्थशास्त्रज्ञांच्या दालनात गेले. तिथे विस्तारावरच्या सार्वजनिक खर्चाचा परतावा मोजण्याची जुनी परंपरा आहे. वॉलेस हफमन आणि रॉबर्ट एव्हन्सन यांचं काम तुम्हाला कुठल्याही वाचनयादीत भेटेल. तिथे संशोधन आणि विस्तार एका बाजूला, शेतीची उत्पादकता दुसऱ्या बाजूला. स्टीफन गोएट्झ आणि मेरी डावलाशेरिद्झे यांचा २०१७ चा लेख राज्यांचा विस्तारावरचा खर्च आणि शेती सोडणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या यांचा संबंध लावतो. या दालनात पैसा दिसतो, पदं दिसतात. पण मुलं दिसत नाहीत. फोर-एचचं फळ दहा-पंधरा वर्षांनी, कदाचित दुसऱ्याच राज्यात, कदाचित शेतीबाहेर मिळतं. एकरी उत्पादनाच्या रकान्यात ते बसत नाही.

म्हणजे चित्र असं झालं : मानसशास्त्राच्या दालनात मुलं आहेत, पगार नाही. अर्थशास्त्राच्या दालनात पगार आहे, मुलं नाहीत. आणि विधिमंडळात जेव्हा कुणी म्हणतं 'हे पद भरायचं की नाही', तेव्हा दोन्ही दालनांतले आकडे एकत्र बांधून टेबलावर ठेवले जातात, जणू ते एकमेकांना ओळखतात. माझ्या वाक्यातला 'असल्यामुळे' नेमका तिथे उभा होता.

एक कोर्ट केस, आणि तिच्यातला धडा

मला वाट सापडली ती अनपेक्षित जागी, १९८६ च्या बेझमोर विरुद्ध फ्रायडे या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या खटल्यात. संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना हा खटला रिग्रेशनसाठी माहीत असतो. पण तो कशाबद्दल होता हे पुष्कळांना माहीत नसतं. तो नॉर्थ कॅरोलिनाच्या कृषी विस्तार सेवेबद्दल होता : कर्मचाऱ्यांच्या पगाराबद्दल, आणि फोर-एच क्लबांबद्दल.

पार्श्वभूमी अशी. स्मिथ-लीव्हर कायद्यात एक पळवाट होती : ज्या राज्यात दोन जमीन-अनुदान महाविद्यालयं आहेत, म्हणजे एक गोऱ्यांचं आणि एक कृष्णवर्णीयांचं, तिथे पैसा कुणाकडे जाईल हे राज्याचं विधिमंडळ ठरवेल. दक्षिणेत तो कुणाकडे गेला हे सांगायला नको. नॉर्थ कॅरोलिनात १ ऑगस्ट १९६५ पर्यंत विस्तार सेवेच्या दोन वेगळ्या शाखा होत्या. कृष्णवर्णीय शाखेतल्या एजंटांना पगार कमी. मग शाखा एकत्र झाल्या, पण जुना फरक पगारपत्रकात तसाच राहिला. कर्मचारी कोर्टात गेले. त्यांच्या बाजूने मांडलेल्या रिग्रेशनमध्ये शिक्षण, नोकरीची वर्षं आणि हुद्दा सारखा धरूनही १९७४ मध्ये वर्षाला ३३१ डॉलरचा आणि १९७५ मध्ये ३९५ डॉलरचा फरक निघाला.

खालच्या कोर्टाने हे विश्लेषण नाकारलं. कारण? त्यात सगळे चल घेतलेले नाहीत. उदाहरणार्थ, काउंट्या पगारात वेगवेगळा वाटा घालतात, ते कुठे मोजलंय? सर्वोच्च न्यायालयाने ही हरकत मोडून काढली. एखादा चल सुटला म्हणून विश्लेषण आपोआप बाद होत नाही, साधारणपणे त्याचं वजन कमी-जास्त होतं. आणि या प्रकरणात तर कमी वाटा देणाऱ्या काउंट्यांमध्येच कृष्णवर्णीय एजंट जास्त होते असं काही नव्हतं, हेही पुराव्यात आलेलं होतं. पगाराच्या मुद्द्यावर निकाल एकमताने लागला.

'मग काय?' या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. 'अमुक चल सुटलाय' एवढं म्हणणं म्हणजे टीका नव्हे, ती फक्त टीकेची सुरुवात असते. तो चल आला असता तर निष्कर्ष कुठल्या दिशेला सरकला असता, हे दाखवायची जबाबदारी टीका करणाऱ्यावर असते. रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये 'या अभ्यासाची मर्यादा अशी की नमुना लहान होता' असं लिहून आपण पुढे जातो ना? तिथे थांबून स्वतःला विचारायचं : नमुना मोठा असता तर काय बदललं असतं? उत्तर नसेल तर ते वाक्य खोडा.

पण त्या खटल्याचा दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शाखा एकत्र झाल्यानंतरही पुष्कळ फोर-एच क्लब एकाच वर्णाच्या मुलांचे राहिले होते. त्यावर बहुमत म्हणालं की क्लबमध्ये जाणं ऐच्छिक आहे, दार सगळ्यांना उघडं आहे, सेवेने आणखी काही करण्याची सक्ती करता येणार नाही. हा निकाल पाच विरुद्ध चार असा लागला. विरोधात लिहिणाऱ्या न्यायमूर्तींना नुसतं दार उघडं ठेवणं पुरेसं वाटलं नाही.

हे वाचताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा दोन दालनं जोडली गेली. ऐच्छिक कार्यक्रमात कोण येतं हे नुसतं घरच्यांच्या इच्छेवर ठरत नाही. कुणीतरी जाऊन बोलवावं लागतं. आणि बोलवणं हे ज्याचं काम आहे त्यालाच आपण पगार देतोय. म्हणजे आपण 'सिलेक्शन बायस' म्हणून आकडेमोडीतून जे धुऊन काढतो, त्यातला एक मोठा भाग हेच एजंटचं काम असतं.

मग दिशा कुठली?

आता जबाबदारी माझ्यावर. कर्मचारी हा चल टफ्ट्सच्या अभ्यासात आला असता तर निष्कर्ष कुठे सरकला असता?

दोन शक्यता आहेत. पहिली : उत्साही घरांची मुलं एजंट असला-नसला तरी क्लब चालवतील. आई स्वयंसेवक, काका परीक्षक, आजोबांचं शेत. तसं असेल तर चौपट परिणाम पद गेल्यावरही टिकेल, आणि त्या आकड्यावरून पद वाचवणं हा फसवा युक्तिवाद ठरेल. दुसरी : स्वयंसेवक टिकतात, घडतात ते एजंटमुळे. मग परिणाम मुळात त्याचाच आहे आणि पद गेलं की काही वर्षांत तो विरेल. टफ्ट्सचे आकडे दोन्ही शक्यतांशी सारखेच जुळतात. एकाच आकड्यावरून 'पद ठेवा' आणि 'पद काढा' असे दोन्ही निष्कर्ष निघू शकत असतील, तर तो आकडा या प्रश्नावर काहीच बोलत नाही असं समजायचं.

यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे आणि ती मी डोळ्याने पाहिली. मी क्षेत्रकामासाठी जात होते त्या एका काउंटीत युवा कार्यक्रमाचं पद वर्षाहून जास्त काळ रिकामं होतं. कुठली काउंटी ते इथे सांगत नाही. जुन्या शेतकरी घरांचे क्लब व्यवस्थित चालू होते. फेअर झाला, डुकरांचा लिलाव झाला, रिबिनी वाटल्या गेल्या. बंद पडला तो एकच क्लब, गावाबाहेरच्या मांस-प्रक्रिया कारखान्यात काम करणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा. त्यांच्यात स्वयंसेवक नव्हते असं नाही. एक आई तयार होती. पण तिचं बोट धरून फॉर्म, पार्श्वभूमी तपासणी, प्रशिक्षण हे सगळं पार करून देणारं माणूस नव्हतं. दुपारच्या पाळीला जाण्याआधी ती मला म्हणाली की ऑफिसला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मशीनने उत्तर दिलं.

आता विचार करा. त्या वर्षी कुणी त्या काउंटीतल्या फोर-एच मुलांचं सर्वेक्षण केलं असतं तर काय निघालं असतं? अडचणीतल्या घरांची मुलं पटावरून गेलेली, भक्कम घरांची मुलं उरलेली. सरासरी वर गेली असती! पद रिकामं ठेवल्याने 'कार्यक्रमाचे परिणाम सुधारले' असं कागदावर दिसलं असतं. सदस्यांचे परिणाम मोजून पदाची गरज ठरवायला गेलो तर आपण चुकीच्या बाजूने चुकतो ते असं. ज्यांना पदाची सगळ्यात जास्त गरज होती ते मोजणीतच राहत नाहीत.

एका काउंटीवरून मी नियम काढत नाहीये. ती गोष्ट पुरावा म्हणून नाही, पुरावा कुठे शोधायचा याची खूण म्हणून सांगतेय.

प्रश्न कसा विचारायचा

एकक बदलायचं. मूल नाही, पद. वर्षं आणि काउंट्या घ्यायच्या, पद कधी भरलेलं आणि कधी रिकामं होतं ते नोंदवायचं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत काय झालं ते पाहायचं. काय झालं म्हणजे मुलांचा आत्मविश्वास नव्हे. नवे क्लब किती निघाले? ज्यांच्या घरात आधी कुणीच सदस्य नव्हतं अशी किती मुलं आली? त्यातली दुसऱ्या वर्षी किती टिकली? नवे स्वयंसेवक किती, सोडून गेले किती? हे आकडे नोंदणीच्या कागदांत असतात, त्यासाठी मोठी प्रश्नावली लागत नाही.

धोरणातले मोठे बदलही कामाला येतात. मिनेसोटाने २००४ मध्ये काउंटी ऑफिसांऐवजी प्रादेशिक केंद्रांचा सांगाडा आणला, आणि फोर-एचचं स्थानिक पद हवं असेल तर काउंटीने विद्यापीठाशी करार करून त्याचे पैसे भरायचे अशी पद्धत सुरू झाली. संशोधकाला हे मोहात पाडणारं आहे : काही काउंट्या पैसे भरतात, काही हात आखडता घेतात, करा तुलना. पण सावध. हात आखडता घेणारी काउंटी बहुतेकदा आधीच गरीब किंवा आटत चाललेली असते. तिथली मुलं पदामुळे कमी झाली की गावच रिकामं होतंय म्हणून? बदलाच्या आधीच्या काही वर्षांचा कल दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. अचानक झालेली निवृत्ती किंवा राजीनामा यांमुळे रिकामं झालेलं पद त्या मानाने जास्त विश्वासार्ह, कारण ते गावाच्या परिस्थितीवरून ठरलेलं नसतं. तरीही ते किती दिवस रिकामं राहतं हे पैशावर ठरतंच.

एक प्रामाणिक अडचणही सांगते. असा अभ्यास 'पद गेल्याने काय गेलं' हे सांगेल, 'तो पैसा शाळेच्या ग्रंथालयावर लावला असता तर' हे सांगणार नाही. निधीचा शेवटचा निर्णय हा मूल्यांचा असतो, आणि तो रिग्रेशनवर ढकलणं ही संशोधकाची पळवाट आहे.

आता आपल्याकडे

विस्तार शिक्षण विभागातल्या आपल्या प्रबंधांची नावं आठवा. 'कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणाचा ग्रामीण युवकांवरील परिणाम.' एक्स-पोस्ट-फॅक्टो आराखडा, १२० उत्तरदाते, त्यात प्रशिक्षणार्थी आणि बिगर-प्रशिक्षणार्थी, ज्ञानाचा निर्देशांक, सहसंबंध, आणि शेवटी 'शासनाने अधिक निधी द्यावा' ही शिफारस. मीही एमएस्सीला असाच प्रबंध लिहिला आहे, त्यामुळे हसायचा हक्क मला नाही. पण त्या शिफारशीआधी तोच 'असल्यामुळे' दडलेला आहे. प्रशिक्षणाला कोण आलं? ज्याला केंद्राचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप माहीत आहे तो, ज्याच्याकडे गाडी आहे तो, ज्याच्या वडिलांची सरांशी ओळख आहे तो. आणि मुली किती आल्या?

एका कृषी विज्ञान केंद्राचा मंजूर आकृतिबंध १६ पदांचा असतो, त्यात विषय विशेषज्ञांची पदं सहा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१५-१६ पासून युवकांना शेतीत टिकवण्यासाठी 'आर्या' प्रकल्प याच केंद्रांमार्फत सुरू केला. म्हणजे कार्यक्रम आला, पण तो चालवायला माणूस जागेवर आहे का? मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं वर्षनिहाय माहिती अधिकारात मागता येतात. एखाद्या केंद्रात विस्तार विषयाचं पद रिकामं असताना कुठल्या गावांतून युवक यायचे थांबले? भरल्यावर परत आले का, की तीच जुनी गावं पुन्हा आली? हा प्रश्न एमएस्सीच्या आवाक्यातला आहे. त्याला १२० नवे उत्तरदाते नकोत, प्रशिक्षणाच्या हजेरीपटांवरची गावांची नावं पुरतात.

आणि हो, एवढं केल्यावर उत्तर 'पद रिकामं असल्याने काहीच फरक पडला नाही' असं आलं तर? तर तेच लिहायचं. माझी सहानुभूती एजंटांकडे आहे हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. म्हणूनच मला असा आराखडा हवा जो मला चूक ठरवू शकेल. फक्त 'हो' म्हणू शकणारा अभ्यास अर्थसंकल्पाच्या टेबलावर पहिल्या हरकतीला कोसळतो, आणि त्याच्यासोबत ती फोन करणारी आईही.

माझ्या प्रस्तावाचं पहिलं वाक्य आता असं आहे : 'काउंटीतलं फोर-एचचं पद रिकामं राहतं तेव्हा कोणती मुलं यायची थांबतात?' गाईडने या वेळी गोल केला नाही. "हे तुला शोधता येईल," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या पानावर गेले. तिथे अजून पाच गोल आहेत, पण ते नंतर कधीतरी.